लेस्टर सिटी: २०१६ ची पुण्याई किती दिवस पुरणार?

बेलग्रेव्हकर | ९ मे २०२३

काल प्रीमियर लीगमध्ये फुलहॅमने आम्हाला, म्हणजे लेस्टरला, पाच ठोकले. ५-३ हा स्कोअर वाचून कुणाला वाटेल की चुरशीची मॅच झाली, म्हणून आधीच सांगतो: हाफटाइमला ३-० होतं आणि दुसऱ्या हाफमध्ये लोक आपापल्या जागेवर बसेपर्यंत ४-०. आमच्या वार्डीची पेनल्टी त्यांचा गोलकीपर लेनोने अडवली. आमचे तीन गोल म्हणजे निव्वळ लाज राखण्यापुरते.

काल सकाळी आम्ही सोळावे होतो. संध्याकाळी एव्हर्टनने ब्रायटनला त्यांच्याच घरी ५-१ हरवलं, रात्री फॉरेस्टने साउदॅम्प्टनला ४-३, आणि झोपेपर्यंत आम्ही अठरावे. आता गुण असे: फॉरेस्ट ३३, एव्हर्टन ३२, आम्ही ३०, लीड्स ३०, साउदॅम्प्टन २४. शेवटचे तीन खाली जातात. आमच्या उरलेल्या मॅचेस लिव्हरपूल, न्यूकॅसल आणि वेस्ट हॅमशी.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. सध्या ज्याच्याशी बोलावं तो एकच वाक्य ऐकवतो: "अरे, पण तुम्हाला २०१६ मिळालं ना!" ऑफिसातला मँचेस्टरवाला म्हणतो, पुण्याचा आतेभाऊ फोनवर म्हणतो, इथल्या बेलग्रेव्ह रोडवरचे मिठाईवाले काकासुद्धा म्हणतात. त्या वर्षी आम्ही प्रीमियर लीग जिंकलो. सट्टेवाल्यांचा पाच हजारास एक भाव, कोच रानिएरी, ८१ गुण, सगळं मान्य. तेव्हा इथल्या साड्यांच्या दुकानांवर निळे झेंडे लागले होते, ते मी स्वतः पाहिलेत. पण सात वर्षांपूर्वी श्रीखंड-पुरी जेवलास ना, मग आज भूक लागली म्हणून का ओरडतोस, असा हा न्याय झाला.

बरं, २०१६ नंतर आम्ही झोपून होतो असंही नाही. २०१९-२० आणि २०२०-२१ सलग पाचवे आलो. २०२१ ला चेल्सीला हरवून एफए कप जिंकलो, टिलेमन्सचा तो लांबून मारलेला गोल आठवत असेल. गेल्या वर्षी कॉन्फरन्स लीगची सेमी फायनल खेळलो. इतका नीट उभा राहिलेला क्लब एका उन्हाळ्यात विस्कटला. श्मायकेल अकरा वर्षांनी नीसला गेला आणि त्याच्या तोडीचा गोलकीपर आणलाच नाही, बाकावरचा डॅनी वॉर्ड पुढे केला. डिफेंडर फोफानाला ऑगस्टच्या शेवटी सात कोटी पाउंडांच्या आसपास चेल्सीला विकलं आणि बदल्यात वाउट फास आला. गोलकीपर सोडले तर आख्ख्या उन्हाळ्यात नवा खेळाडू तेवढाच! टिलेमन्स आणि सोयुंजू यांचे करार संपत आलेले, त्यांना विकलंही नाही आणि त्यांच्या नव्या सह्याही झाल्या नाहीत.

पहिल्या सात मॅचेसमध्ये गुण एक. तेव्हाच कोच ब्रेंडन रॉजर्सना नारळ द्यायला हवा होता. दिला २ एप्रिलला, पॅलेसकडून ९४ व्या मिनिटाला हरल्यावर. आणि दिला तर दिला, पुढचा माणूस ठरलेलाच नाही! विला आणि बोर्नमथ, दोन्ही घरच्या मॅचेस, दोन्ही हंगामी प्रशिक्षकांच्या गळ्यात मारल्या आणि दोन्ही हरलो. मग आणले डीन स्मिथ, ज्यांच्या हाताखाली गेल्याच वर्षी नॉर्विच खाली गेलं.

कुणी आहे का ऐकायला? इंग्रजीत शिव्या घालून समाधान होत नाही.

ॲनफिल्ड_अण्णा | ९ मे २०२३

रुमाल टाकून ठेवतो. सोमवारी आम्ही लिव्हरपूलवाले येतोय तुमच्याकडे. सलग सहा मॅचेस जिंकलोय, चौथा नंबर अजून दिसतोय, त्यामुळे दयामाया नाही. बाकी चालू द्या.

बेलग्रेव्हकर | ९ मे २०२३

अण्णा, या. पोस्ट हॉर्न वाजवून स्वागत करू, पुठ्ठ्याचे क्लॅपर हातात देऊ. तुम्हाला तीन गुणांची गरज आहे आणि आमचा डिफेन्स दानशूर आहे.

चष्मेवाली | ९ मे २०२३

मला क्रिकेट कळतं, फुटबॉल वर्ल्ड कपपुरतं. एक बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. 'खाली जाणं' म्हणजे नक्की काय होतं? पुढच्या वर्षी कमी महत्त्वाच्या स्पर्धेत खेळायचं, एवढंच ना? रणजीत प्लेट ग्रुप असतो तसं? मग एवढा आकांत कशासाठी?

हिशोबनीस | १० मे २०२३

चष्मेवाली, प्रश्न बाळबोध नाही. रणजीत प्लेटमध्ये गेलं तरी संघटनेला बोर्डाचे पैसे मिळत राहतात. इथे गणितच बदलतं. प्रीमियर लीगमध्ये अगदी विसावा आलेला क्लबही टीव्हीच्या पैशातून दहा कोटी पाउंडांच्या आसपास घेऊन जातो. खालच्या चॅम्पियनशिपमध्ये त्याचा लहानसा तुकडा मिळतो. धक्का सौम्य व्हावा म्हणून खाली गेलेल्याला 'पॅराशूट' रक्कम देतात: पहिल्या वर्षी प्रत्येक क्लबला समान वाटल्या जाणाऱ्या टीव्हीच्या पैशाच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. तेवढ्यात वर आलात तर ठीक. नाहीतर ४६ मॅचेसच्या त्या लीगमध्ये २४ संघांपैकी दोन थेट वर येतात आणि तिसरा प्लेऑफमधून. संडरलंड २०१७ ला खाली गेलं आणि २०१८ ला आणखी एक पायरी खाली.

आता लेस्टरचे आकडे. २०२१-२२ मध्ये तोटा ९.२५ कोटी पाउंड, पगारावर खर्च १८.२ कोटी. म्हणजे आलेल्या प्रत्येक शंभर पाउंडांतले पंच्याऐंशी पगारात. हा ढाचा पहिल्या सहांत येऊन युरोपात खेळणाऱ्या क्लबचा आहे, अठराव्याचा नाही.

धागाकर्ते, म्हणून मला तुमचा उन्हाळ्याचा मुद्दा अर्धाच पटतो. खरेदी केली नाही कारण पैसा नव्हता. मालकांचा धंदा विमानतळांवरच्या ड्यूटी-फ्री दुकानांचा. कोविडमध्ये विमानंच उडत नव्हती.

बेलग्रेव्हकर | १० मे २०२३

पैसा नव्हता हे मान्य. मग सीग्रेव्हला दहा कोटींच्या घरातलं ट्रेनिंग ग्राउंड कशासाठी, तेही गोल्फ कोर्ससकट? तरी तो मुद्दा सोडतो, ते कोविडआधीच ठरलं होतं. पण पैसा नसला की आहे तो माल वेळेवर विकायचा असतो. टिलेमन्सला दोन वर्षांपूर्वी कुणीही चार कोटी दिले असते. आता जूनअखेर तो फुकट जाईल.

मालकांवर मात्र मला नीट चिडता येत नाही, आणि इथल्या निम्म्या लोकांचं तेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट हॅमची मॅच संपल्यावर तेव्हाचे मालक विचाई यांचं हेलिकॉप्टर स्टेडियमशेजारीच कोसळलं. गेल्या वर्षी त्यांचा पुतळा उभा राहिला. मुलगा, म्हणजे टॉप, याच फेब्रुवारीत क्लबवरचं १९.४ कोटींचं कर्ज शेअर्समध्ये बदलून मोकळा झाला. असा मालक दुसऱ्या कुणाला मिळालाय? पण भला माणूस आणि चांगला निर्णय या दोन गोष्टी आहेत. रॉजर्सना सहा महिने जास्त ठेवलं ते भलेपणापायीच.

फातोर्डेकर | १० मे २०२३

बेलग्रेव्हकर, नमस्कार गोव्याहून. तुमचं दुःख वाचलं, आणि माझं काढून बसलो.

२००५ ते २०१२ या काळात आमचा गोव्याचा क्लब धेंपो पाच वेळा देशाचा विजेता झाला. कोच अर्मांदो कुलासो, मैदानात रांती, बेतो, क्लायमॅक्स, महेश गवळी, समीर नाईक. २००८ मध्ये एएफसी कपच्या सेमी फायनलपर्यंत गेलो होतो. २०१२ च्या विजेतेपदानंतर तीनच वर्षं गेली, आणि २०१५ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली. मौज ऐका: टेबलात सगळ्यात तळाला आम्ही नव्हतोच. आमच्याखाली पुण्याचा भारत एफसी होता. पण तो नवा कॉर्पोरेट संघ, त्याला खाली न घालण्याची सवलत होती. म्हणून शेवटून दुसरे आलेले आम्ही गेलो.

आणि तुमच्यापेक्षा एक गोष्ट वाईट. तुमचा क्लब खाली गेला तर पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे खेळेल, तुम्ही जाऊन शिव्या द्याल. आम्ही २०१६ ला सेकंड डिव्हिजन जिंकून पुन्हा वर जायचा हक्क मिळवला आणि तेव्हाच ठरलं की देशातली वरची लीग आता इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. तिथे जायची वाट मैदानातून नव्हतीच, पैसे भरून होती. साळगांवकर, स्पोर्टिंग आणि आम्ही, तिघांनीही आय-लीग सोडली. तेव्हापासून आमच्यासाठी राज्याची लीग. तीही पाहतो म्हणा.

कूपरेजचा_कट्टा | १० मे २०२३

फातोर्डेकर, तुम्ही सोडलेल्या जागेवर कोण आलं ते सांगितलं नाहीत! ऐझॉल एफसी. २०१६ ला खाली गेलेला संघ, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतला, आणि २०१७ ला थेट विजेता. पेपरवाल्यांनी त्यांचं नाव 'भारताचं लेस्टर' ठेवलं होतं.

त्या ऐझॉलचा कोच खालिद जमील. तो त्याआधी वर्षानुवर्षं आमच्या मुंबई एफसीचा कोच होता. दर वर्षी तळाच्या आसपास घुटमळायचो, खेळ बघवत नसे, पण दर वर्षी वाचायचो. मग क्लबने नवा माणूस आणला, खालिद ऐझॉलला गेला. त्याच मोसमात तो विजेता आणि आम्ही शेवटचे. कूपरेजच्या त्या खुर्च्यांवर बसून मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर क्लबच बंद पडला. आज मुंबईत आयएसएलचा संघ आहे, शील्ड जिंकतो, छान खेळतो. मला तो आपला वाटत नाही, काय करू.

बेलग्रेव्हकर, तुमच्या यादीतल्या एका मुद्द्याला म्हणूनच मोदक (म्हणजे अनुमोदन) नाही. कोच बदलला की सुटलो, असं नसतं.

बेलग्रेव्हकर | १० मे २०२३

हे खालिदचं मला माहीत नव्हतं. भारी आहे. म्हणजे भारी नाही, तुम्ही समजून घ्या.

ॲनफिल्ड_अण्णा | १६ मे २०२३

०-३. जोन्स, जोन्स, ट्रेंट. पाहुणचाराबद्दल आभारी आहे. खरं सांगू का राव, तिसऱ्या गोलनंतर मजा गेली. टीव्हीवर तुमच्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

बेलग्रेव्हकर | १६ मे २०२३

मी शेवटपर्यंत बसलो होतो. बसलो होतो याचा अभिमान वगैरे काही नाही, पार्किंगमधून गाडी तशीही लवकर निघाली नसती.

तीन मिनिटांत दोन गोल खाल्ले. पहिल्यानंतर सेंटर करून आमचे लोक जागेवर येतात न येतात तोवर दुसरा. मला गोल खाल्ल्याचं फारसं वाटत नाही, लिव्हरपूल आहे. वाटतं ते त्यानंतरचं. कुणी कुणावर ओरडलं नाही. २०१५ मध्ये याच क्लबने शेवटच्या नऊपैकी सात मॅचेस जिंकून स्वतःला वाचवलं होतं. तेव्हाच्या संघात आजच्या निम्म्यानेही कौशल्य नव्हतं. मॉर्गन, हूथ, केंब्रिआसो एकमेकांना फाडून खायचे. आज मॅडिसन आहे, बार्न्स आहे, टिलेमन्स आहे. सगळ्यांना ठाऊक आहे की जूनमध्ये आपण कुठेतरी दुसरीकडे असू. बुडणाऱ्या बोटीत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात पुढच्या बोटीचं तिकीट असेल तर पाणी कोण उपसणार?

आणि साउदॅम्प्टन शनिवारीच अधिकृतपणे खाली गेलं. आख्ख्या मोसमात त्यांनी सहा मॅचेस जिंकल्यात. त्यातल्या दोन आमच्याविरुद्ध! ऑगस्टमध्ये आमच्या घरी, मार्चमध्ये त्यांच्या घरी. हे वाक्य मी तीनदा वाचून मग टाइप केलंय.

हिशोबनीस | १६ मे २०२३

+१. याच दोन मॅचेसचे सहा गुण मिळाले असते तर तुम्ही आज ३६ वर असता आणि हा धागा 'कंटाळवाणा मोसम' या नावाने निघाला असता.

निळा_कोल्हा | १६ मे २०२३

नवीन सभासद, कोल्हापूर. (हो, गावात पेठापेठांचं फुटबॉल आहे, तरी लेस्टर. २०१६ मुळेच. प्लास्टिक, म्हणजे नकली फॅन, म्हणायचं तर म्हणा.) मला एक विचारायचंय. "एवढा चांगला संघ खाली जाऊच शकत नाही" असं मी जानेवारीपासून ऐकतोय. कॉमेंटेटर म्हणतात, पॉडकास्टवाले म्हणतात. फेब्रुवारीत विलाला ४-२ आणि स्पर्सला ४-१ हाणलं तेव्हा मलाही खरं वाटलं. मग काय झालं?

बेलग्रेव्हकर | १६ मे २०२३

प्लास्टिक कशाला म्हणू? आमच्याकडे शाहूपुरी नाही, तुमच्याकडे किंग पॉवर स्टेडियम नाही, हिशेब पूर्ण. कोल्हापूरकर लेस्टरचा झेंडा घेतो, आणखी काय हवं. बाय द वे, आयडी झकास आहे.

काय झालं तर हेच वाक्य झालं. स्पर्सच्या त्या मॅचनंतर आम्ही तेरावे होतो आणि क्लबमध्ये सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर युनायटेड, आर्सेनल, साउदॅम्प्टन, चेल्सी, ओळीने हरलो. मध्ये एफए कपमध्ये ब्लॅकबर्नने घरी येऊन बाहेर काढलं, ते वेगळंच. गोल आम्ही करतो हो, अगदी आजही. पण कॉर्नर आला की माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा डोळ्यांवर टोपी ओढून घेतात.

'जाऊच शकत नाही' म्हणाल तर १९३७ ला मँचेस्टर सिटी लीग जिंकली आणि १९३८ ला खाली गेली, तेही त्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये सर्वांत जास्त गोल करून. जाता येतं, सगळ्यांना जाता येतं.

चष्मेवाली | १७ मे २०२३

मी आता टेबल रोज बघायला लागलेय. तुमच्यामुळे. आई विचारते काय बघतेस, तिला म्हटलं लेस्टर वाचतंय का ते. ती म्हणाली, कोण आजारी आहे?

बेलग्रेव्हकर | २३ मे २०२३

न्यूकॅसल ०-०. एक गुण. ३१.

लीड्स परवा वेस्ट हॅमकडून ३-१ हरलं, तेही ३१ वर. एव्हर्टन ३३ वर. सगळं रविवारी संध्याकाळी एकाच वेळी ठरणार. आम्हाला वेस्ट हॅमला हरवायचं आहे आणि एव्हर्टनने बोर्नमथविरुद्ध जिंकायचं नाही. ड्रॉ झाला तरी चालेल, त्यांच्यापेक्षा आमचा गोल डिफरन्स (केलेले वजा खाल्लेले गोल) बराच बरा आहे.

कालची मॅच बघितली असेल त्यांनी सांगावं, तो काय प्रकार होता? मॅडिसन आणि बार्न्स दोघेही बाकावर. जिंकायची गरज असलेला संघ नव्वद मिनिटं स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये तंबू ठोकून बसला. न्यूकॅसलचे बॉल खांबाला लागत राहिले आणि आम्ही हात जोडत राहिलो. आमचा गोलवर गेलेला पहिला शॉट इंज्युरी टाइममध्ये, कास्टान्यचा, तो पोपने अडवला. तो गेला असता तर आज डीन स्मिथ चाणक्य ठरले असते.

कूपरेजचा_कट्टा | २३ मे २०२३

मला तर कालचा खेळ आवडला. खालिदची आठवण झाली. मोसमभर क्लीन शीटसाठी, एकही गोल न खाण्यासाठी, रडत होतात ना? मिळाली.

हिशोबनीस | २३ मे २०२३

असहमत. दोन मॅचेस उरल्या असताना एका गुणाने एव्हर्टनच्या हाती दोरी राहते. काल तीन मिळाले असते तर दोरी तुमच्या हातात आली असती. न्यूकॅसलला एक गुण मिळाला की चॅम्पियन्स लीग पक्की होती, शेवटची वीस मिनिटं तेही जोर लावत नव्हते. तेव्हा बार्न्सला आधी उतरवायला हवं होतं.

फातोर्डेकर | २३ मे २०२३

शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या मॅचवर डोळे लावून बसणं वाईट रे बाबा. देव बोर्नमथला सुबुद्धी देवो.

निळा_कोल्हा | २८ मे २०२३

इथे घरात युद्ध. रात्री नऊला मॅच, आणि टीव्हीवर आयपीएलची फायनल. बाबा म्हणतात धोनीची शेवटची असेल, रिमोट देणार नाही. आता अहमदाबादला धो धो पाऊस सुरू झालाय आणि बाबा कोरं मैदान बघत बसलेत. तरी रिमोट देत नाहीत. मोबाइलवर लावलंय.

निळा_कोल्हा | २८ मे २०२३

बार्न्स!!!! १-०! आणि गुडिसनला, एव्हर्टनच्या घरी, अजून ०-०! वर आहोत आपण, आत्ता या क्षणी वर आहोत!

ॲनफिल्ड_अण्णा | २८ मे २०२३

मी आयुष्यात पहिल्यांदा बोर्नमथसाठी ओरडतोय. एव्हर्टन खाली गेलं तर आमच्याकडे पेढे.

हिशोबनीस | २८ मे २०२३

डुकुरे. ५७ वं मिनिट. बॉक्सच्या कडेवरून, सणसणीत. एव्हर्टन १-०.

निळा_कोल्हा | २८ मे २०२३

फासने दुसरा मारला. २-०. आता याचा काय उपयोग

चष्मेवाली | २८ मे २०२३

एव्हर्टनच्या मॅचमध्ये दहा मिनिटं जास्तीची दिलीत! अजून होऊ शकतं ना??

हिशोबनीस | २८ मे २०२३

संपलं. एव्हर्टन ३६, लेस्टर ३४, लीड्स ३१. तुम्ही २-१ नी जिंकून खाली.

फातोर्डेकर | २८ मे २०२३

बेलग्रेव्हकर, स्टेडियममध्ये असशील. घरी नीट जा. उद्या बोलू.

बेलग्रेव्हकर | २९ मे २०२३

फातोर्डेकर, आभार. पोचलो नीट.

फासच्या गोलला अर्धं स्टेडियम ओरडलं आणि अर्धं फोनमध्ये होतं. त्यानंतर गुडिसनला बरोबरी झाल्याची अफवा एकदा कॉप स्टँडमधून उठली, चार-पाच सेकंद लोक वेडे झाले, मग कळलं काही नाही. शेवटी काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो केली. मी दोन्हींपैकी काही केलं नाही. शेजारच्या आजोबांनी २००८ ची तिसऱ्या डिव्हिजनची गोष्ट सांगायला घेतली. 'तेव्हाही इथेच बसलो होतो' हे त्यांचं सांत्वन. मला तेच बरं वाटलं, निदान त्यांनी २०१६ काढलं नाही.

प्रीमियर लीग जिंकून नंतर तिच्यातून खाली गेलेले आता दोन क्लब: ब्लॅकबर्न आणि आम्ही.

हिशोबनीस | २९ मे २०२३

आकडे ठेवतो, नंतर कुणी शोधेल. लेस्टरने मोसमात ५१ गोल केले. सातवे आलेल्या विलानेही ५१ च केले. बाराव्या चेल्सीने ३८, वाचलेल्या एव्हर्टनने ३४. दुसऱ्या बाजूला ६८ खाल्ले आणि २२ मॅचेस हरलात.

आणि हे लिहू की नको असं वाटत होतं. १ मे, एव्हर्टनविरुद्ध, २-१ ने पुढे असताना हाफटाइमच्या तोंडावर मॅडिसनची पेनल्टी. ती जाऊन तुम्ही ती मॅच जिंकला असता तर अंतिम टेबल लेस्टर ३६, एव्हर्टन ३५ असं झालं असतं.

निळा_कोल्हा | २९ मे २०२३

नका हो.

बेलग्रेव्हकर | २९ मे २०२३

लिहिलंत ते बरं केलंत, मी रात्री तेच मांडत बसलो होतो. ती पेनल्टी आमच्याच टोकाला होती. मॅडिसन सरळ मध्ये मारतो हे एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्डच्या बाटलीवर लिहिलेलं होतं म्हणे, आणि तो हललाच नाही. बॉल त्याच्या हातात. ३-१ व्हायचं ते राहिलं आणि हाफटाइमनंतर इवोबीने बरोबरी केली.

पण पेनल्टीवर खापर फोडायला माझी तयारी नाही. इथले पेपर दोन दिवस तेच करतील. एक पेनल्टी चुकली म्हणून खाली जाईल इतक्या कडेला हा क्लब आलाच कसा, हे विचारा. पाचवा आलेला संघ दोन वर्षांत अठरावा येतो तेव्हा कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं की या वर्षी गोलकीपर नको, या वर्षी हे करार राहू देत, कोचचं ख्रिसमसनंतर बघू. प्रत्येक वेळी मनात हेच की आपण लेस्टर आहोत, आपण काय खाली जातो! लोक मला २०१६ ऐकवतात ना, त्यांच्याआधी वरच्या मजल्यावरचे लोक स्वतःला ते ऐकवत होते. माझा राग त्याचा आहे.

कूपरेजचा_कट्टा | २९ मे २०२३

आता याला मोदक. सीझन तिकीट सोडणार का?

बेलग्रेव्हकर | २९ मे २०२३

सोडून जाऊ कुठे? रविवार सकाळी बायको डी-मार्टसारख्या दुकानात घेऊन जाईल. घेणार. मंगळवारी रात्री रॉदरहॅम, प्रेस्टन, तेही बघू. कोव्हेंट्री परवा प्लेऑफ फायनल पेनल्टीवर हरलंय, म्हणजे ते इथेच आहेत. निदान शेजाऱ्यांशी भांडण तरी चालू राहील.

चष्मेवाली | २९ मे २०२३

चॅम्पियनशिप भारतात कुठे दिसते? कुणी लिंक देऊ नका, रीतसर चॅनेल सांगा.

निळा_कोल्हा | २९ मे २०२३

मी ऑगस्टमध्ये नवा धागा काढतो. 'लेस्टर सिटी: चॅम्पियनशिप २०२३-२४'. पहिला प्रतिसाद धागाकर्त्यांचा राखीव. (आयपीएल फायनल आज आहे, बाबांनी दुपारपासूनच रिमोट घेतलाय.)

ॲनफिल्ड_अण्णा | २९ मे २०२३

एव्हर्टन वाचलं, त्यामुळे आमच्याकडेही सुतक आहे. असो. बेलग्रेव्हकर, स्पष्टच विचारतो, मॅडिसन किती पर्यंत द्याल? मिडफिल्डला माणूस हवाय आम्हाला.

बेलग्रेव्हकर | २९ मे २०२३

मॅडिसनसाठी रांग मोठी आहे अण्णा, मागे उभे राहा. टिलेमन्स आणि सोयुंजू जूनअखेर फुकट आहेत, ते आजच घेऊन जा. पिशवी घरून आणा.